ऑक्टोबर हीट ते रथसप्तमी: थंडी वाया घालवू नका

आपल्याकडे थंडी मुळात कमी. पुण्या-नाशकाकडे जेमतेम अडीच-तीन महिने, विदर्भात जरा कडक, मुंबईत तर चार दिवस पंखा बंद झाला की संपली, त्यामुळे येईल तेव्हा बघू म्हणून बसलं तर हाताला काहीच लागत नाही. तयारी ती यायच्या आधीच करावी लागते. आणि माझ्या मते एक गोष्ट कटाक्षाने पाळायची, काही पदार्थ, काही कपडे, काही कामं फक्त थंडीसाठी राखून ठेवायची, बाकी वर्षभर त्यांना हात लावायचा नाही. फ्रोजन मटार बारा महिने फ्रीजरमध्ये पडलेला असेल तर डिसेंबरात गप्पा मारत शेंगा सोलायला बसण्यात काय मजा राहणार सांगा.

सुरुवात कपाटापासून करा, दसरा झाला की लगेच. ऑक्टोबर हीटला सगळे वैतागतात पण पावसाळ्याचा कुबट वास घालवायला हेच ऊन कामाचं. गोधड्या, सोलापुरी चादरी, स्वेटर, शाली सगळं दोन-तीन दुपारी गच्चीत नाहीतर बाल्कनीत कडक उन्हात टाकायचं, मधे एकदा उलटायचं. जरीच्या साड्यांना मात्र थेट ऊन नको, रंग उडतो, त्या सावलीत वाऱ्यावर नाहीतर घरातच पंख्याखाली तास-दोन तास पसरायच्या, आणि ठेवताना घडी बदलायची, नाहीतर त्याच त्याच घडीवर रेशीम चिरत जातं. मलमलच्या किंवा जुन्या धुवट सुती कापडात गुंडाळा, प्लॅस्टिकच्या पिशवीत नको, आत दमट राहून साडीची जरी काळी पडते. डांबराच्या गोळ्या जरीला लागू देऊ नका, त्यापेक्षा कडुनिंबाची वाळलेली पानं किंवा लवंगांची पुरचुंडी बरी.

कपड्यांचं म्हणाल तर आपली थंडी सकाळची आणि रात्रीची असते, दुपारी बारा वाजता घाम येतो. म्हणून जाडजूड हुडीपेक्षा वर-खाली दोन पातळ कपडे बरे, सुती कुर्ता आणि त्यावर खणाचं किंवा खादीचं जॅकेट, दुपारी काढून हातावर टाकता येतं. शाल एकच घ्या पण चांगली घ्या, छत्रपती संभाजीनगरला गेलात तर हिमरू बघून या, सूत आणि रेशीम एकत्र विणलेलं असतं, वजनाला हलकी आणि उबेला पुरेशी. तुळशीचं लग्न लागलं की लग्नसराई सुरू होते, तर वर्षभर पडून असलेल्या पैठण्या आणि इरकली याच दिवसांत नेसून घ्या, मे महिन्यातल्या लग्नात कोण सुखाने रेशीम नेसतंय. आणि आजीच्या जुन्या नऊवाऱ्या घरात असतील तर टाकून देऊ नका हो, गावाकडे अजून हाताने धावदोरा घालून गोधड्या शिवून देणाऱ्या बायका आहेत, जुनं सूत धुऊन धुऊन इतकं मऊ झालेलं असतं की त्याच्या गोधडीची सर विकतच्या क्विल्टला येत नाही.

दिवाळीचं अभ्यंगस्नान आपण एक दिवस करतो, तेही अलार्म लावून धावतपळत. माझं म्हणणं असं की ते दिवाळीत सुरू करा आणि रथसप्तमीपर्यंत दर रविवारी चालू ठेवा, कारण त्वचा खरी फुटते ती नंतर, डिसेंबर-जानेवारीत. तिळाचं तेल कोमट करायचं, अंगाला चोळून अर्धा तास बसायचं आणि मग उटणं. उटणं घरी करणं सोपं आहे, मुलतानी माती आणि मसुराचं पीठ समसमान, त्यात थोडी थोडी आंबेहळद, नागरमोथा, वाळा, कपूरकाचरी आणि संत्र्याच्या वाळवलेल्या सालींची पूड, सगळं आयुर्वेदिक काष्ठौषधीच्या दुकानात मिळतं. थंडीत ते पाण्यात नाही, दुधात नाहीतर सायीत कालवा. पहाटे उठायची सवय लावायची असेल तर कोजागिरीनंतर साधारण कार्तिक पौर्णिमेपर्यंत बऱ्याच देवळांत काकड आरती असते, तिला दोन-चार वेळा तरी जा, त्या वेळी रस्त्यावर जी हवा असते ती नंतर दिवसभर कुठेच मिळत नाही.

आता मंडई. थंडीत आठवड्याची भाजी ॲपवरून मागवू नका एवढं ऐका. तिथे टाइप करून तेच तेच येतं आणि मंडईत नवीन काय आलंय ते डोळ्याला दिसतं. पावटे, तुरीच्या शेंगा, सोलाणे म्हणजे ओले हरभरे, पातीचा कांदा, लाल गाजरं, आवळे, बोरं आणि ओली हळद. ओली हळद दिसली की पाव किलो तरी घ्या, थोडी आंबेहळद, आलं आणि हिरवी मिरची घ्या, सगळं बारीक चिरून मीठ आणि भरपूर लिंबू पिळलं की लोणचं तयार, दोन-तीन दिवसांत मुरतं, फ्रीजमध्ये ठेवा आणि लवकर संपवा. हात पिवळे होतात, होऊ द्या.

वांग्याचं मात्र थोडं थांबा. चातुर्मासात वांगं न खाणाऱ्या घरांमध्ये ते चंपाषष्ठीला परत पानात येतं, मार्गशीर्ष शुद्ध षष्ठी, खंडोबाला भरीत-रोडग्याचा नैवेद्य असतो. तुम्ही चातुर्मास पाळत नसाल तरी ही एक गोष्ट करून बघा, पावसाळाभर वांगं बंद ठेवा आणि पहिलं भरीत चंपाषष्ठीलाच करा, जिभेला फरक लगेच कळतो. वांगं आकाराने मोठं पण हातात हलकं लागेल असं निवडायचं, त्यात बिया कमी निघतात. तेलाचा हात लावून, दोन-तीन ठिकाणी टोचून थेट आचेवर भाजायचं, साल पूर्ण काळी होऊन देठाजवळ बोट दाबलं की आत गेलं पाहिजे, तिथेच लोक घाई करतात आणि मग देठाकडचा भाग कचवट राहतो. जळगावकडची फिकी हिरवी भरताची वांगी मिळाली तर सोडू नका, त्यांना जीआय टॅगही आहे. खानदेशात ती कपाशीच्या काड्यांवर भाजतात, हिरवी मिरची आणि लसणासोबत लाकडी भांड्यात ठेचतात, वरून कांद्याची पात, तळलेले शेंगदाणे आणि सोबत कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाची, भाकरी. फ्लॅटमध्ये काड्या कुठून आणणार, पण शेगडीवर मंद आचेवर वेळ देऊन भाजलं तर बरंच जवळ जाता येतं.

डिसेंबरच्या शेवटापासून एक रविवार शेतासाठी मोकळा ठेवा. सोलापूर, नगर, मराठवाड्याकडे हुरडा असतो, ज्वारीची कोवळी कणसं आगटीत भाजून हातावर चोळून गरम गरम दाणे, सोबत शेंगदाण्याची किंवा लसणाची चटणी, गूळ, दही. रिसॉर्टच्या हुरडा पार्टीत स्टार्टर म्हणून वाटीत मिळतो तो थंड झालेला असतो, ओळखीचं कुणाचं शेत असेल तर तिथेच जा आणि आगटीच्या कडेला मांडी घालून बसा. कोकणातल्यांना एवढं लांब यायची गरज नाही, रायगडात याच दिवसांत पोपटी लागते. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, वालाच्या शेंगा, बटाटे, अंडी, हवं तर मसाला लावलेलं चिकन, जाडं मीठ आणि ओवा, पाण्याचा थेंब नाही, वरून परत पाला दाबून मडकं उलटं ठेवून भोवती जाळ करायचा. भांबुर्डा नसेल तर पोपटी करू नका, सगळी चव त्या पाल्याच्या वासाची आहे.

मग भोगी. न खाई भोगी तो सदा रोगी असं म्हणतात ते उगाच नाही, त्या एका भाजीत अख्खी मंडई येते, वांगी, गाजर, पावटे, सोलाणे, ओले शेंगदाणे, बोरं आणि तिळाचं कूट. सोबत तीळ लावलेली बाजरीची भाकरी आणि लोणी. दुसऱ्या दिवशी संक्रांत, 14 नाहीतर काही वर्षी 15 जानेवारी. एरवी सणाला काळं चालत नाही, संक्रांतीला मुद्दाम काळं घालायचं, ऊब धरून ठेवतं म्हणून. काळी चंद्रकळा असेल तर उत्तम, नसेल तर काळा कॉटनचा ड्रेसही चालेल.

तिळगूळ सगळेच करतात म्हणून गुळाच्या पोळीचं सविस्तर सांगते. अर्धा किलो साधा पिवळा गूळ किसून घ्या, चिक्कीचा नको, त्याची पोळी कडक होते. वाटीभर बेसन तेलावर खमंग भाजा, अर्धी वाटी तीळ आणि पाव वाटी खसखस कोरडी भाजून कूट करा, जायफळ घालून सगळं एकत्र मळा, गुठळी राहता कामा नये. कणकेत थोडं बेसन आणि गरम तेलाचं मोहन, आणि ती गुळाइतकीच घट्ट भिजवायची, सगळी मेख इथे आहे. कणीक सैल झाली तर गूळ मधेच राहतो आणि कडा कोऱ्या, गूळ सैल झाला तर तव्यावर फुटून जळतो. दोन छोट्या लाट्यांमध्ये गुळाची चपटी गोळी ठेवून कडा दाबा, तांदळाच्या पिठीवर लाटा, मध्यम आचेवर खुसखुशीत भाजा. गरम खाऊ नका, तोंड भाजतं. गार पोळी, वर रवाळ तूप. आठवडाभर छान टिकते, तशी उरत नाही म्हणा.

हळदीकुंकू रथसप्तमीपर्यंत चालतं, एकाच रविवारी उरकण्यापेक्षा शेजारच्या दोन घरांशी बोलून वेगवेगळे दिवस ठरवा, म्हणजे संध्याकाळी उठून कुणाकडे तरी जाणं होतं. वाणाला प्लॅस्टिकचे डबे नकोत, एकेक मूठ तीळ, आवळासुपारीची पुडी, छोटा गुळाचा खडा असं काहीतरी वापरात येणारं द्या. रथसप्तमीला अंगणात गोवऱ्यांवर मातीच्या बोळक्यात दूध ठेवून उतू घालवतात, फ्लॅटमध्ये गोवऱ्या पेटवू नका, बाल्कनीत ऊन येतं तिथे छोटी शेगडी ठेवून करा.

त्यानंतर दुपारचं ऊन टोचायला लागतं. स्वेटर धुऊन, पूर्ण वाळवून मगच आत ठेवा, अर्धवट ओलसर ठेवले तर जूनमध्ये वास येतो. आणि उरलेले तीळ मार्चच्या आत संपवा, उकाड्यात खवट होतात, सुक्या खोबऱ्याबरोबर भाजून लाल तिखट, लसूण घालून चटणी कुटून टाका.