सपोर्टला तिकीट टाकताना

एखाद्या सेवेचा एपीआय, म्हणजे आपल्या प्रोग्रॅमने त्या सेवेशी बोलायची सोय, अडला आणि तक्रारीच्या तिकिटात ‘एपीआय चालत नाही’ एवढंच लिहिलं, की पहिलं उत्तर हमखास ‘लॉग (नोंदी) पाठवा’ असं येतं आणि दिवस वाया जातो. पहिल्याच तिकिटात फेल झालेल्या एका रिक्वेस्टचा आयडी द्या. तो बहुतेकदा रिस्पॉन्सच्या हेडरमध्ये, म्हणजे उत्तरासोबत येणाऱ्या माहितीच्या ओळींमध्ये, सापडतो. सोबत वेळ, तीही यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेत. सर्व्हरचे लॉग सहसा यूटीसीतच असतात. आपले दुपारचे २:३० म्हणजे तिथले सकाळचे ९:००. नुसतं ‘अडीच’ लिहिलं तर समोरचा भलत्याच तासात शोधत बसतो.

मग प्रोजेक्ट बाजूला ठेवून तीच रिक्वेस्ट कर्ल या कमांड-लाइन टूलने मारून बघा. कर्लने चाललं, तर घोळ बहुधा आपल्याच कोडमध्ये असतो. नाही चाललं, तर व्हर्बोज (सविस्तर) आउटपुट टेक्स्ट म्हणूनच चिकटवा. स्क्रीनशॉटमधला एरर कॉपी करून शोधायचा म्हणजे वैताग. त्या आउटपुटमध्ये ऑथरायझेशन हेडर उघडा पडलेला असू शकतो, म्हणून पाठवण्याआधी त्यातलं टोकन, म्हणजे आपली ओळख पटवणारी गुप्त किल्ली, झाका. ब्राउझरमधून काढलेल्या हार (HAR, नेटवर्कच्या नोंदींची) फाइलमधल्या कुकीजचंही तेच. टोकन गेलंच, तर मेसेज डिलीट करून भागत नाही. ते रद्द करून नवं घ्या.

‘अर्जंट’चा शिक्का प्रॉडक्शन, म्हणजे लोक प्रत्यक्ष वापरतात ती सिस्टिम, बंद पडलं असेल तरच मारा.