शाळेचा पट मोजण्याआधी गावानं काय करावं

डोंगरी तालुक्यातल्या एका माध्यमिक शाळेत मी सव्वीस वर्षं लिपिक होतो. संचमान्यतेचे, म्हणजे पटावरून शिक्षकांची पदं ठरवण्याचे, कागद माझ्याच हातून जायचे. म्हणून सांगतो, "पट कमी आहे, शाळेचं बघायला लागेल" असा निरोप आला की गाव आधी आमदारांकडे धावतं. जरूर जावं, पण त्याच दिवशी दोन शिकलेले पालक शाळेच्या कार्यालयात बसवा. शाळा वाचते किंवा बंद पडते ती तिथल्या कागदांवर.

१५ मार्च २०२४ च्या शासन निर्णयानंतर नववी-दहावीचा पट वीसच्या खाली गेला की शिक्षकाचं पदच मंजूर होईना. हा पट म्हणजे बाकावर बसलेली मुलं नव्हेत. शिक्षण खात्याच्या पोर्टलवर ज्यांचं आधार वैध आहे तेवढीच मुलं धरली जातात. आमच्याकडे एक मुलगी रोज पहिल्या बाकावर असायची, पण तिच्या आधारवर जन्मतारीख १ जानेवारी पडलेली. आधार केंद्रावर कुणीतरी नुसतं वर्ष सांगितलं असणार. शाळेच्या जनरल रजिस्टरला, म्हणजे प्रवेशाच्या नोंदवहीत, तारीख ऑगस्टमधली, त्यामुळे पोर्टलवर पोरगी अवैध. दुसऱ्या एकाच्या आधारवर बापाच्या जागी आजोबांचं नाव. अशी दोन-चार मुलं गळाली की तेवीसचा पट एकोणीस होतो आणि शिक्षक अतिरिक्त ठरतात.

म्हणून जूनमध्येच प्रत्येक मुलाचं आधार जनरल रजिस्टरशेजारी ठेवून ओळ न् ओळ ताडून बघा. चूक आधारमध्ये असेल तर जन्माचा दाखला घेऊन मुलाला केंद्रावर न्या. पंधराव्या वर्षी बोटांचे ठसे नव्यानं द्यावे लागतात आणि ते वय नेमकं नववी-दहावीचं असतं, हेही पालकांना सांगा. ३० सप्टेंबरच्या पटावर हिशोब होतो. गणपतीनंतर बघू म्हणालात तर केंद्रावरच्या रांगेतच महिना जाईल.

पट फुगवायचा मोह मात्र कुणालाही होऊ देऊ नका. २०११ च्या ऑक्टोबरमध्ये राज्यभर पटपडताळणी झाली, तेव्हा मुलांच्या बोटांना शाई लावून मोजणी केली होती. एक खोटं नाव सापडलं की खऱ्या बावीस नावांवरचाही विश्वास उडतो.

आता अंतराचं, म्हणजे शाळा बंद झाली तर मुलांना किती लांब जावं लागेल त्याचं. प्राथमिकला एक आणि उच्च प्राथमिकला तीन किलोमीटरच्या आत शाळा, हा नियम शिक्षण हक्क कायद्याखालचा आहे आणि तो कायदा आठवीपाशी थांबतो. नववीच्या मुलीसाठी त्यावर विसंबू नका. रस्ता स्वतः मोजा, आणि तोही पावसाळ्यात. आमच्या वरच्या वाडीपासून पलीकडच्या गावची शाळा नकाशावर साडेचार किलोमीटर दिसायची. एका कार्यालयातल्या साहेबांनी तोच आकडा धरून "जवळच आहे की" म्हटलं होतं. जुलैत एका सकाळी सहा वाजता आम्ही चौघे पालक आणि मी दप्तराएवढं ओझं घेऊन निघालो. उतारावर निसरडं, जळवा पायाला. ओढ्यावरच्या साकवावरून पाणी वाहत होतं, तिथंच पंचवीस मिनिटं थांबलो. पोचलो तेव्हा आठ वाजायला दहा मिनिटं होती. ती वेळ, साकवाचा फोटो आणि पाचही जणांच्या सह्या एका कागदावर घेतल्या. त्या कागदानं जेवढं काम केलं तेवढं कुठल्याच भाषणानं केलं नाही.

एसटीचंही तसंच. मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेत पास फुकट मिळतो, पण शाळा साडेदहाची आणि गाडी साडेअकराची असेल तर पासाचा काय उपयोग? आगाराकडून वेळापत्रक लेखी मागा. नाहीच दिलं तर दहा रुपये भरून माहिती अधिकारात अर्ज करा.

पुढचा पटही दाखवावा लागतो. आसपासच्या जिल्हा परिषद शाळांमधून पाचवीपासून सातवीपर्यंतच्या मुलांची संख्या घ्या, अंगणवाडीचं रजिस्टर बघा. मागच्या पाच वर्षांत आठवीनंतर कोण कुठं गेलं, तेही लिहा. आमच्या यादीत मुलगे तालुक्याला गेलेले दिसले. मुलींपुढे मात्र "घरी" हा शब्द सहा वेळा आला. ती यादी मी स्वतःच्या हातानं लिहिली होती, ती अजून डोळ्यांपुढून हलत नाही.

हे सगळं जमलं की ग्रामसभा घ्या. गणपूर्तीला १५ टक्के मतदार किंवा शंभर जण, यांतला कमी आकडा लागतो. आधी महिला सभेत विषय मांडा, कारण मुलींच्या वाटेबद्दल आयाच बोलतात. ठरावात "शाळा वाचवा" एवढंच नको. वेळ, अंतर, पट सगळं आकड्यांत घाला. प्रत गटशिक्षणाधिकारी आणि शिक्षणाधिकारी माध्यमिक, दोघांकडे द्या आणि आवक क्रमांकासह पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.

अधिकारी शाळेत येतील त्या दिवशी पाहुणचारात वेळ घालवू नका. वरच्या वाडीच्या मुलांना लवकर सोडू नका. शाळा सुटताना साहेबांना फाटकापाशी न्या आणि त्या पोरींनाच विचारू द्या, घरी किती वाजता पोचता म्हणून.