एल्कच्या शिकारीसाठी दोन रायफली: पहिली कोणती, राखीव कोणती

एल्कच्या, म्हणजे उत्तर अमेरिकेतील मोठ्या हरणाच्या, शिकारीचा परवाना मिळावा म्हणून अनेक जण वर्षानुवर्षे सोडतीत नाव नोंदवत राहतात, आणि अखेर तो हाती आला की प्रत्यक्ष शिकारीला मोजकेच दिवस मिळतात. अमेरिकेच्या कोलोरॅडो राज्यातील पहिला रायफल हंगाम तर जेमतेम पाच दिवसांचा असतो. अशा वेळी दुसऱ्याच सकाळी खडकावर आपटून स्कोपला (रायफलवरच्या नेमाच्या दुर्बिणीला) मार बसला, बोल्टमधले (काडतूस आत ढकलून नळी मागून बंद करणाऱ्या भागातले) तेल थंडीने घट्ट झाले किंवा रायफलची पेटी विमानतळावर वेळेत पोहोचली नाही, तर सगळी तयारी तिथेच थांबते. म्हणून दोन रायफली न्याव्यात, हे बहुतेकांना पटते. चूक होते ती निवडीत. पहिली रायफल महिनोन्महिने पारखून घेतली जाते आणि राखीव म्हणून कपाटात जी उरली असेल ती उचलली जाते. माझ्या मते दोन्हींची निवड एकाच वेळी, जोडी म्हणून करावी, आणि राखीव रायफल अशी असावी की पहिली नसतीच तरी तीच घेऊन आपण निर्धास्तपणे डोंगर चढलो असतो.

आधी जनावराचा विचार करू. रॉकी पर्वतातील पूर्ण वाढलेला नर एल्क साधारण ३०० किलो किंवा त्याहून अधिक भरतो, मादी सव्वादोनशे किलोच्या आसपास असते. खांद्याचे हाड जाड असते, आणि गोळी फुफ्फुसांच्या मागे लागली तर जखमी जनावर मैलोन् मैल जाऊ शकते. कोलोरॅडोचा नियम किमान मर्यादा घालून देतो: सेंटरफायर (काडतुसाच्या बुडाच्या मधोमध आघात करून उडवणारी) रायफल, कॅलिबर (नळीचा आतला व्यास, इंचांत) .२४ किंवा त्याहून मोठे, एल्कसाठी कमीत कमी ८५ ग्रेन (गोळीच्या वजनाचे छोटे एकक) वजनाची, लागल्यावर फुलणारी गोळी, आणि १०० यार्डांवर १,००० फूट-पौंड ऊर्जा. ही कायद्याची मर्यादा आहे. निवड करताना तिच्यापासून बरेच वर राहावे. दुसऱ्या राज्यात जाणार असाल तर तिथल्या वन्यजीव विभागाची त्या वर्षीची पुस्तिका वाचूनच काडतूस ठरवावे.

काडतुसांवर वाद घालायला अंत नाही, पण एल्कच्या बाबतीत पर्याय फारसे किचकट नाहीत. १९०६ पासून चालत आलेले .३०-०६ स्प्रिंगफील्ड आजही या कामाला पुरेपूर आहे. १८० ग्रेनची गोळी ते सुमारे २,७०० फूट प्रतिसेकंद वेगाने सोडते आणि नळीच्या तोंडाशी साधारण २,९०० फूट-पौंड ऊर्जा देते. १९६३ चे .३०० विंचेस्टर मॅग्नम तीच गोळी अडीचशे फुटांनी अधिक वेगाने नेते, पण त्याचा धक्का सारख्याच वजनाच्या रायफलमध्ये सुमारे एक तृतीयांशाने जास्त बसतो. ७ एमएम रेमिंग्टन मॅग्नम, .२७० विंचेस्टर आणि .३०८ विंचेस्टर यांपैकी कोणतेही योग्य गोळी घालून, आपल्या आवाक्यातील अंतरावर वापरले तर कमी पडत नाही. ६.५ क्रीडमूरनेही एल्क पडतात, पण त्यात तिरक्या कोनातून मारण्याची मुभा कमी राहते, म्हणून मी ते पहिल्या रायफलसाठी सुचवणार नाही. ज्याला मॅग्नमचा धक्का सोसत नाही आणि चाप ओढताना डोळे मिटतात, त्याने .३०-०६ घ्यावी, फुफ्फुसात गेलेली मध्यम गोळी पोटात गेलेल्या मोठ्या गोळीपेक्षा केव्हाही चांगली.

काडतुसाच्या नावापेक्षा गोळीच्या बांधणीकडे अधिक लक्ष द्यावे. पातळ आवरणाची, हरणासाठी बनवलेली गोळी जवळून खांद्यावर बसली तर वरच्या वर फुटू शकते. मधोमध तांब्याचा पडदा असलेली नॉस्लर पार्टिशन, शिसे आवरणाला घट्ट जोडलेल्या बाँडेड गोळ्या किंवा बार्न्ससारख्या संपूर्ण तांब्याच्या गोळ्या आत खोलवर जातात आणि वजन टिकवून धरतात.

पहिली रायफल स्कोप आणि पट्ट्यासह आठ-साडेआठ पौंडांपर्यंत असावी. नऊ-दहा हजार फुटांच्या उंचीवर दिवसभर चढताना एकेक पौंड जाणवतो, आणि त्याहून फार हलकी रायफल धापा टाकत असताना स्थिर धरणे कठीण जाते. दस्ता सिंथेटिक आणि नळी स्टेनलेस असेल तर ओल्या बर्फात काळजी कमी. लाकडी दस्ता पाणी पिऊन फुगला आणि नळीला टेकला की नेम सरकतो. नळीच्या तोंडावर टेपचा छोटा तुकडा लावून ठेवावा, म्हणजे आत बर्फ किंवा चिखल जात नाही.

आता राखीव रायफल. काही वर्षांपूर्वी मुरमाड उतारावर माझा पाय घसरला आणि खांद्यावरची रायफल पट्ट्यासह सुटून दहा-बारा फूट खाली गडगडली. वरवर पाहता स्कोपच्या नळीवर नखाएवढा पोचा होता, बाकी काही नाही. तळावर परतून १०० यार्डांवर कागद लावला, तेव्हा तिन्ही गोळ्या एकमेकींना चिकटून, पण मध्यापासून नऊ इंच डावीकडे लागल्या. स्कोप धरून ठेवणाऱ्या पुढच्या रिंगमध्ये तो सरकल्याची चकचकीत रेघ दिसत होती. राखीव रायफल होती, नेम लावलेलीही होती. पण पहिलीची सेफ्टी (चुकून गोळी उडू नये म्हणून असलेला खटका) दस्त्याच्या मानेवर, अंगठ्याखाली होती आणि हिची बोल्टच्या मागे, आडवी फिरणारी. दुसऱ्या दिवशी पहाटे ऐंशी यार्डांवर मादी उभी राहिली तेव्हा माझा अंगठा मानेवर रिकामी जागा दाबत राहिला, आणि ती चार ढांगांत झाडीत शिरली. त्या सकाळपासून माझा नियम ठरला: दोन्ही रायफलींची सेफ्टी, बोल्ट उघडण्याची पद्धत आणि शक्य असेल तर चापाचा ताण सारखा असावा. एकाच कंपनीच्या एकाच मॉडेलच्या दोन रायफली घेणे हा यावरचा सर्वांत सरळ मार्ग आहे.

काडतूस दोन्हींचे एकच असावे का? माझा कौल होकाराकडे आहे. एकच काडतूस असले की एकच साठा पुरतो, आणि अंधारात, हातमोजे घालून खिसा चाचपताना चुकीचे काडतूस हाती येण्याचा धोका राहत नाही. हा धोका किरकोळ मानू नये. भलत्या चेंबरमध्ये (नळीच्या मागच्या, काडतूस बसण्याच्या जागेत) भलते काडतूस बसले आणि उडवले गेले तर रायफल फुटू शकते आणि मारणाऱ्याचा डोळा किंवा हात जाऊ शकतो. तरीही काडतुसे वेगळी ठेवायचीच असतील, तर राखीव रायफल .३०८ किंवा .३०-०६ अशा प्रचलित काडतुसाची असावी, कारण डोंगराखालच्या छोट्या गावातील दुकानात तीच मिळण्याची शक्यता जास्त असते.

मात्र काडतूस एक असले म्हणून नेम एक होत नाही. त्याच डब्यातली गोळी दोन रायफलींमधून दोन वेगळ्या ठिकाणी लागते, म्हणून दोन्हींचा झिरो (ठरावीक अंतरावर गोळी स्कोपच्या खुणेवरच लागेल अशी जुळणी) स्वतंत्रपणे, शिकारीसाठी नेणार त्याच गोळीने लावावा. २०० यार्डांवर झिरो केलेली १८० ग्रेनची .३०-०६ ३०० यार्डांवर आठ-नऊ इंच आणि ४०० यार्डांवर सुमारे दोन फूट खाली लागते. प्रत्येक रायफलचे असे आकडे स्वतः कागदावर मारून तपासावेत आणि चिठ्ठीवर लिहून तिच्या दस्त्यावर चिकटवावेत. सराव टेबलावर टेकून पुरेसा होत नाही. बसून, गुडघा टेकून आणि काठ्यांच्या आधाराने दोन्हींतून सारख्याच गोळ्या मारा. राखीव रायफलने २०० यार्डांवर बसून नऊ इंचांची थाळी सलग लागत नसेल, तर ती अजून राखीव म्हणायला तयार नाही.

राखीव रायफल पाठीवर वाहायची नसते. ती कुलूपबंद पेटीत तळावर किंवा गाडीत, चेंबर रिकामे ठेवून राहते. दुसरी रायफल बाळगणे शक्य नसेल, तर सुटसुटीत निघणाऱ्या रिंगमध्ये बसवून आधीच झिरो केलेला दुसरा स्कोप न्यावा, कारण बिघाड बहुधा स्कोपचा किंवा त्याच्या स्क्रूंचा असतो. निघण्याआधी स्क्रू टॉर्क रेंचने (ठरावीक जोरानेच कसणाऱ्या पान्याने) कसावेत आणि त्यांवर रंगाची बारीक रेघ ओढावी. रेघ तुटलेली दिसली की स्क्रू सैल झाला हे लगेच कळते. थंडीसाठी बोल्ट खोलून जाड तेल धुवून काढावे.

विमानाने जाताना अमेरिकेत रायफल रिकामी करून, कठीण कवचाच्या कुलूपबंद पेटीत, काउंटरवर जाहीर करून चेक-इन सामानातच द्यावी लागते. काडतुसांवर विमान कंपन्या सहसा ११ पौंडांची मर्यादा घालतात. आपल्यापैकी जे ग्रीन कार्डाशिवाय, तात्पुरत्या व्हिसावर तिथे राहतात, त्यांनी हे विशेष लक्षात घ्यावे: संघीय कायद्यानुसार अशा व्यक्तीला बंदूक किंवा काडतूस बाळगण्यास सामान्यतः मनाई आहे, आणि वैध शिकार परवाना हा त्या मनाईला असलेल्या मोजक्या अपवादांपैकी एक आहे. रायफलीला हात लावण्याआधी तो परवाना खिशात हवा.

तळावर पोहोचल्यावर, शिकारीच्या आदल्या दिवशी, दोन्ही रायफलींतून कागदावर तीन-तीन गोळ्या माराव्यात, कारण प्रवासातल्या हादऱ्यांनी झिरो हलतो. हंगामात रायफल बदलावी लागली, तर आधी जॅकेटचे आणि पिशवीचे सर्व खिसे रिकामे करून पहिलीची काडतुसे पेटीत बंद करावीत, मग राखीव रायफल रिकामी असल्याची खात्री करून तिची सेफ्टी आणि बोल्ट हातमोजे घालून वीस-पंचवीस वेळा चालवावेत, आणि त्यानंतरच तिच्यात गोळी भरावी.