अथेन्सच्या घुबडाचा काळ कसा ठरवायचा

नाणकशास्त्राकडे नव्याने वळलेल्यांनी पहिलं ग्रीक नाणं म्हणून अथेन्सचं टेट्राड्रॅक्म, म्हणजे चार ड्रॅक्माचं चांदीचं नाणं, अभ्यासाला घ्यावं असं मला मनापासून वाटतं. एका बाजूला शिरस्त्राण घातलेली अथेना, दुसऱ्या बाजूला समोर टक लावून पाहणारं घुबड, त्याच्या मागे ऑलिव्हची डहाळी आणि पुढे अल्फा, थीटा, एप्सिलॉन ही अथेन्सच्या नावाची पहिली तीन अक्षरं. ओळख पटायला दोन मिनिटं पुरतात. काळ ठरवायला मात्र कस लागतो, कारण अथेन्सने ही छाप दोनशेहून अधिक वर्षं फारशी बदललीच नाही. भूमध्य समुद्राच्या काठचे व्यापारी हे घुबड डोळे झाकून घ्यायचे. रूप बदललं असतं तर तो भरवसा डळमळला असता. नाण्यावर ना साल, ना राजाचं नाव.

शिकताना हात आधी अक्षरांकडे जातो, ते साहजिकच आहे. पण इथे अक्षरं दाद देत नाहीत. इ.स.पू. ४०३ च्या सुमारास अथेन्सने सरकारी लिखाणासाठी आयोनियन वर्णमाला स्वीकारली. तिच्यात दीर्घ ए साठी ईटा हे वेगळं अक्षर होतं. नाण्यावर मात्र त्यानंतरही जुनं एप्सिलॉनच कोरत राहिले. म्हणून एप्सिलॉन दिसलं की नाणं इ.स.पू. ४०३ च्या आधीचं, असा निष्कर्ष काढू नका.

सुरुवात काट्यापासून करा. चांगल्या स्थितीतलं नाणं साधारण १७.२ ग्रॅम भरतं, कारण अ‍ॅटिक, म्हणजे अथेन्सच्या, मापाचा ड्रॅक्म सुमारे ४.३ ग्रॅमचा होता. झिजलेलं थोडं हलकं भरेल, पण १५ ग्रॅम भरलं तर थांबून विचार करा. मग नाणं बारीक दोऱ्याने पाण्यात लोंबकळत ठेवून पुन्हा वजन घ्या. समजा, हवेत १७.१६ ग्रॅम भरलं आणि पाण्यात वजन १.६५ ग्रॅमने घटलं, तर भागाकार १०.४ येतो. शुद्ध चांदीची घनता १०.५ असते आणि अथेन्सजवळच्या लॉरियनच्या खाणींची चांदी फार शुद्ध होती, म्हणून हा आकडा समाधानकारक. आत तांबं असेल तर उत्तर ९ च्या आसपास येईल. स्पार्टाशी झालेल्या पेलोपोनेशियन युद्धाच्या शेवटी, चांदी संपत आल्यावर, अथेन्सने स्वतःच तांब्यावर चांदीचा पत्रा चढवलेली नाणी काढली होती. त्यामुळे आत तांबं सापडलं म्हणून नाणं आजकालचं बनावट ठरत नाही.

आता दहा पट भिंग घ्या, दिवा एका बाजूला ठेवा आणि अथेनाचा डोळा बघा. काळ ठरवताना माझी भिस्त सगळ्यात जास्त याच खुणेवर असते. इ.स.पू. पाचव्या शतकातल्या नाण्यांवर चेहरा बाजूने दिसतो, पण डोळा समोरून पाहिल्यासारखा, पूर्ण बदामी असतो. त्या काळातले अथेन्सचे शिल्पकार डोळा कसा घडवायचा ते उत्तम जाणत होते, तरी टाकसाळीने जुनंच वळण धरून ठेवलं. चौथ्या शतकात हा डोळा हळूहळू बाजूने पाहिल्यासारखा, पुढे उघडणारा होत गेला. ठसे कोरणारे हात अनेक होते, त्यामुळे मधल्या काळातले डोळे धड इकडचेही नाहीत आणि तिकडचेही नाहीत. अशा वेळी नोंदीत तसंच लिहावं.

डोळ्यानंतर शिरस्त्राण. इ.स.पू. सहाव्या शतकाच्या अखेरीच्या नाण्यांवर त्यावर ऑलिव्हची पानं नाहीत आणि घुबडामागे चंद्रकोरही नाही. या दोन्ही खुणा इ.स.पू. ४८० नंतर आल्या. इराणी आरमारावरच्या सालामिसच्या विजयाशी त्यांचा संबंध जोडण्याचा मोह सगळ्यांना होतो, पण नाण्यावरून तसं सिद्ध होत नाही. चौथ्या शतकाच्या उत्तरार्धात शिरस्त्राणावरची वेलपत्ती आखडत ग्रीक ‘पाय’ (Π) अक्षरासारखी दिसू लागते, आणि नाण्यांच्या चकत्या लांबट, कडेला दुमडलेल्या असतात. जुनी नाणी ठोकून, त्यांच्या घड्या घालून त्यावरच नवा ठसा मारला जाई. कडेवर ती घडीची रेघ दिसली की मला फार आनंद होतो, कारण इतकी स्पष्ट खूण या नाण्यांत क्वचितच मिळते. घुबड आडव्या मडक्यावर उभं आणि भोवती पानांची माळ असेल, तर ते इ.स.पू. दुसऱ्या शतकातलं पातळ, रुंद नाणं. त्याचा अभ्यास वेगळा करावा.

नाण्यावर छिन्नीचा खोल घाव दिसला तर ते टाकाऊ समजू नका. बाहेरच्या देशांत आतली चांदी बघायला असे घाव घालत. खुद्द अथेन्समध्ये इ.स.पू. ३७५-३७४ च्या निकोफॉनच्या कायद्याने बाजारात सरकारी पारखी बसवला. तांबं किंवा शिसं पोटात असलेलं नाणं त्याने तिथल्या तिथे कापून देवांच्या मातेला अर्पण करायचं आणि चांगल्या चांदीचं परदेशी घुबड मालकाला परत द्यायचं, असा नियम होता. म्हणजे नकला तेव्हाही भरपूर होत्या. इजिप्तपासून पूर्वेकडे अनेकांनी घुबडं पाडली, आणि डोळा किंवा अक्षरं विचित्र वाटली तर ही शक्यता आधी तपासा. आजच्या ओतीव नकलांत पृष्ठभागावर बारीक छिद्रं आणि कडेला घासून काढलेली सांध्याची रेघ सापडते. म्हणून नाणं कधीही घासूनपुसून चकचकीत करू नका, पुरावाच निघून जातो.

एकटं नाणं काळाची कड सांगतं, पक्की चौकट मिळते ती नाणेनिधीतून, म्हणजे एकत्र सापडलेल्या नाण्यांच्या साठ्यातून. १९३३ मध्ये काबूलच्या चमन हजुरी भागात सापडलेल्या साठ्यात ग्रीक शहरांची, अथेन्सचीही, नाणी आणि भारतीय उपखंडातले वाकवलेले चांदीचे तुकडे एकत्र होते. कोणतं नाणं ताजं, कोणतं झिजलेलं, हे ताडून पाहिलं की क्रम लागत जातो. नोंद मग अशी लिहावी: ‘अथेन्स, टेट्राड्रॅक्म, १७.१६ ग्रॅम, डोळा समोरचा, साधारण इ.स.पू. ४५४ ते ४०४’. एकच साल कोणी ठामपणे सांगत असेल तर कशावरून, असं विचारा.

घुबडं हाताळायला मिळणं आपल्याकडे अवघडच. शंभर वर्षांपुढची नाणी १९७२ च्या पुरावस्तू कायद्याखाली येतात आणि त्यांची निर्यात करता येत नाही, हेही सुरुवातीलाच माहीत असू द्या. नजर तयार करायला नाशिकजवळच्या जोगळटेंभीचा १९०६ चा साठा उत्तम आहे. तेरा हजारांवर चांदीची नाणी, क्षत्रप राजा नहपानाची, त्याचं नाव ग्रीक अक्षरांतही कोरलेलं, आणि बहुतेकांवर त्याला हरवणाऱ्या सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीचा ठसा वरून मारलेला. भिंगाखाली कोणती रेघ खाली दबली आणि कोणती वर आली ते शोधा. कोण आधी आणि कोण नंतर, हे तिथे नाणं स्वतःच दाखवतं.