वजनकाटा एक, वह्या दोन

नवरा-बायकोनं मिळून वजन कमी करायला घेतलं की पहिल्या महिन्यातच कुरबुर सुरू होते. डबा तोच, नागपूरच्या अंबाझरी तलावाच्या काठावरचं चालणंही तेवढंच, तरी त्याचा काटा भराभर उतरतो अन् तिचा हलत नाही. यात तिची कसूर नाही. पुरुषांच्या शरीरात साधारणपणे स्नायू जास्त असतात, त्यामुळे बसल्याजागीही त्यांच्या कॅलरी जास्त खर्च होतात. शिवाय पाळीच्या आधी अंगात पाणी साठून तिचं वजन किलोभर वाढलेलं दिसू शकतं. म्हणून एकमेकांचे आकडे ताडून पाहू नका. प्रत्येकानं आपली वेगळी वही ठेवावी. तिनं या महिन्याचं वजन मागच्या पाळीनंतरच्या त्याच दिवसांशी जुळवून बघावं. कमरेचा घेरही टेपनं मोजा.

आणि "आज तर्री पोहे खाल्ले ना?" अशी उलटतपासणी तर अजिबात नको, मन त्यानंच तुटतं. रविवारी दोघांत एक प्लेट घ्या, तर्री थोडीच. उन्हाळ्यात सकाळी सहाच्या आत बाहेर पडा, मोबाइल घरीच राहू द्या. आमचं दिवसातलं खरं बोलणं त्याच अर्ध्या तासात होतं.