होडीच्या डिझेल इंजिनाची तेलगळती: आधी पावडर, मग पाना

उजनीच्या पाण्यात चालणाऱ्या होडीच्या इंजिनाखाली तेल साचलं की आपण सगळ्यात खालचा ओला नट आवळतो आणि गळती तशीच राहते. तेल वरून ओघळत येतं, म्हणून उगम वर शोधायचा.

१. इंजिन बंद आणि गार असताना डिझेलच्या बोळ्याने पुसून घ्या. मग जुन्या सोलापुरी टॉवेलच्या तुकड्याने पूर्ण कोरडं करा. हा टॉवेल तेल छान शोषतो.

२. संशय असेल तिथे, म्हणजे टॅपेट कव्हर (इंजिनाच्या माथ्यावरचं झाकण), ऑइल पाइपचे जोड, ड्रेन प्लग (तेल काढायचा खालचा बोल्ट), सगळीकडे अंगाला लावायची पावडर हलकी भुरभुरा.

३. दहा मिनिटं इंजिन चालवून बंद करा. पांढऱ्यावर काळपट रेघ उमटते. तिचं वरचं टोक म्हणजे गळतीची जागा.

पाना हातात घेण्याआधी ब्रीदर, म्हणजे इंजिनाच्या आतली हवा बाहेर सोडणारी वाट, जरूर पाहा. तो तुंबला की आत दाब वाढतो आणि चांगल्या सीलमधूनही तेल बाहेर येतं. कितीतरी वेळा तो साफ केला की काम संपतं.

ड्रेन प्लगचा तांब्याचा वॉशर टाकू नका. गॅसवर लालसर तापवून पाण्यात बुडवला की मऊ होतो. काजळी पॉलिश पेपरने काढून परत बसवा.

एकच जपा: पावडर हवेच्या फिल्टरजवळ नको, आणि इंजिन चालू असताना फ्लायव्हील-पट्ट्याजवळ हात नेऊ नका. तेलकट चिंध्या पिशवीत भरून किनाऱ्यावर आणा. हेच पाणी आपण पितो.