ड्रॉइंगवर बोल्ट नेमका कसा लिहावा

ड्रॉइंगवर ‘एम१० बोल्ट, ४ नग’ (एम१० म्हणजे १० मिमी व्यास) एवढंच लिहिलं की बाकीचं स्टोअरवाला ठरवतो. कधी ४.६ या ताकद-वर्गाचा बोल्ट जातो, कधी ८.८. रंगरूप सारखंच, पण पहिल्याची यील्ड (ज्या ताणाला बोल्ट कायमचा लांबायला लागतो तो) २४० मेगापास्कल, दुसऱ्याची ६४०.

समजा, १२ मिमी जाडीचा पोलादी ब्रॅकेट अॅल्युमिनियमच्या हाउसिंगवर बसवायचा आहे. पार्ट लिस्टमध्ये असं लिहा:

‘हेक्स स्क्रू एम१०×३०, आयएस १३६४ भाग २, वर्ग ८.८, झिंक प्लेटेड, ४ नग’

आयएस १३६४ हे अशा बोल्टचं भारतीय मानक; त्यातला भाग २ म्हणजे डोक्यापर्यंत आटे. भाग १ च्या बोल्टला काही दांडी कोरी असते. पिच, म्हणजे दोन आट्यांमधलं अंतर, लिहिला नाही तर १.५ मिमी धरला जातो. बारीक आटे हवे असतील तर ‘एम१०×१.२५’ लिहायलाच हवं.

लांबी ३० का? १२ ब्रॅकेटचे, २ वॉशरचे गेले, उरले १६ मिमी, म्हणजे व्यासाच्या १.६ पट. पोलादात व्यासाएवढी पकड पुरते, अॅल्युमिनियमला दीड ते दोन पट द्यावी.

भोकाची नोंद: ‘ड्रिल ८.५, खोली २८. एम१०-६एच, पूर्ण आटे २०’. ६एच म्हणजे आतल्या आट्यांची नेहमीची टॉलरन्स. दोन्ही खोल्या द्या. टॅपचं टोक निमुळतं असतं आणि खाली किस साठायला जागा लागते. एकच खोली दिली तर टॅप तुटतो किंवा तळाचे आटे अर्धवट राहतात. मग बोल्ट तळाला टेकतो, टॉर्क रेंच ‘कट्’ वाजतो, फिटर पुढच्या बोल्टकडे वळतो आणि ब्रॅकेट मात्र हाताने हलतो. ब्रॅकेटमध्ये ११ मिमीचं क्लिअरन्स होल (बोल्ट सैल जाईल असं भोक) द्या. जागा अचूक हवी असेल तर डॉवेल पिन (जागा पक्की करणारी घट्ट बसणारी पिन) टाका, ते काम बोल्टचं नव्हे.

आता टॉर्क. सूत्र सोपं: टॉर्क = के × व्यास × ताण. के हा घर्षणावर अवलंबून असलेला गुणांक, ताण म्हणजे बोल्टमधलं ओढीचं बळ. एम१० चं ताण-क्षेत्रफळ ५८ चौरस मिमी, ८.८ चा प्रूफ स्ट्रेस (बोल्ट कायमचा न लांबता सोसतो ती मर्यादा) ५८० मेगापास्कल. त्याच्या ७५ टक्के धरले तर ताण येतो सुमारे २५ किलोन्यूटन. कोरड्या आट्यांना के साधारण ०.२, म्हणून टॉर्क ५० न्यूटन-मीटर. आट्यांना तेल लागलं की के ०.१५ च्या आसपास उतरतो. त्याच ५० न्यूटन-मीटरला ताण ३३ किलोन्यूटन होतो, म्हणजे जवळपास प्रूफ लोडच (प्रूफ स्ट्रेस × क्षेत्रफळ). म्हणून नुसता आकडा लिहू नका:

‘टॉर्क ५०±५ न्यूटन-मीटर, आटे कोरडे, तेल लावू नये. आधी २५, मग ५०, समोरासमोरचे बोल्ट आलटून-पालटून.’

थ्रेडलॉकर (आटे सैल होऊ न देणारा गोंद) लावणार असाल तर घर्षण बदलतं, त्याच्यासह चाचणी घेऊनच टॉर्क ठरवा. स्प्रिंग वॉशर सवयीने लिहिला जातो, पण ८.८ च्या ताणाखाली तो सपाट होतो. त्यापेक्षा कडक सपाट वॉशर बरा.

१२.९ वर्गापुढे ‘झिंक प्लेटेड’ लिहू नका. इलेक्ट्रोप्लेटिंगमध्ये हायड्रोजन आत शिरतो आणि घट्ट केलेला बोल्ट काही तासांनी, कुणी हात न लावता तुटू शकतो. तिथे झिंक-फ्लेक कोटिंग मागा.

शेवटी डोक्याभोवतीची जागा तपासा. आयएसओप्रमाणे एम१० ला १६ चा पाना लागतो, जुन्या जर्मन मानक डीआयएन ९३३ ला १७ चा. टॉर्क लावायचा तो सॉकेटने, आणि सॉकेटची भिंत ब्रॅकेटच्या वळणाला अडली तर ५० चा आकडा कागदावरच राहतो.